रुक्माबाईचे स्वच्छ शब्द

माठाच्या तोटीतून एक थेंब खालच्या स्टीलच्या वाटीत पडला. टप्प.

एवढ्याशा आवाजानं जयाचं सगळं मोडलं. दुपारच्या सामसुमीत ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. अंजू पंख्याखाली हातपाय पसरून झोपलेली, भारत दुकानात, ढाणकीच्या त्या गल्लीतली कुत्रीसुद्धा गप्प. अशा वेळी जया आईचा आवाज कानात आणायचा प्रयत्न करायची. आधी महागावजवळच्या तांड्यावरचं घर आणायचं. मग दारातली बाज, चुलीपुढं वाकलेली पाठ. आणि मग ती पाठ वळता वळता हाक: "ये याडी!" आज हाक येतच होती, अगदी आईच्या ओठांपर्यंत आली होती, आणि थेंब पडला.

तिनं उठून वाटीत फडकं टाकलं आणि परत येऊन बसली. पण आता आले ते नुसते शब्द. शब्द काय, ते तर तिला पाठच होते. आवाज नव्हता.

याडी म्हणजे आई. गोरबोलीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, आईला याडी म्हणतात. पण रुक्माबाई लाडात आली की लेकीलाच याडी म्हणायची. "ये याडी, इकडं ये, तेल लावून देतो." जयानं अंजूला तशी हाक मारून पाहिली होती. अंजूनं मागं वळून पाहिलं, मम्मी कोणाला बोलावते आहे म्हणून. घरात मराठीच चालायची. पोरीला शाळेत जड जाऊ नये म्हणून तिनं आणि भारतनं मिळूनच ते ठरवलं होतं.

रुक्माबाईला जाऊन दोन वर्षं होत आली होती. कापूस वेचताना शेतातच पडली. बाकीच्या बाया दुसऱ्या टोकाला होत्या, त्यांच्या ध्यानात आलं तोवर उशीर झाला होता. जया तेव्हा तापलेल्या अंजूला छातीशी धरून उमरखेडच्या दवाखान्यात बसलेली. ती पोचली तेव्हा अंगणात माणसं जमली होती. खूप गोष्टी तिनं विचारल्या नाहीत. शेवटी जवळ कोण होतं, तोंडात पाणी कोणी घातलं, हे तर नाहीच. कोणीच नव्हतं, हेच उत्तर येणार हे तिला ठाऊक होतं.

आवाज जातो हे मात्र तिला कोणी सांगितलं नव्हतं. चेहरा राहिला होता. हाताचा खरखरीतपणा राहिला होता, अंगाचा कापसाचा आणि तंबाखूचा वास राहिला होता. आवाज मात्र पातळ होत होत चालला होता, धुवून धुवून लुगड्याचा रंग जातो तसा.

तिनं बापाला फोन करून विचारलं होतं. धावजी म्हणाले, "मोबाइलात? मोबाइलात तिचे फोटो हायेत न. आवाज कुठून राहीन वो? कॅमेरा दिसला का ते तोंडावर पदर घे अन् चूप बसे. तुले मालूम नाई काय तुही माय?"

मालूम होतं. लग्नाची शूटिंग तेवढी होती. पाठवणीच्या वेळी त्यांच्यात ढावलो म्हणतात, म्हणजे नवरीनं एकेकाच्या गळ्यात पडून सुरात रडायचं, आपल्या मनचे शब्द घालून. जया आईच्या गळ्यात पडून रडली होती आणि आईनंही तिच्या सुरात सूर मिळवून कायकाय म्हटलं होतं. शूटिंगवाल्यानं तिथला आवाज काढून टाकून त्यावर सिनेमाचं गाणं चढवलं. पडद्यावर मायलेकी तोंडं उघडून रडतात आणि वर सनई, ढोलक. भारतनं ते दोनदा लावून पाहिलं, मग तोच म्हणाला, "राहू दे. बंद कर. उगीच तरास."

"एक जागा हाये," जया म्हणाली. "देवराव सराकडे."

भारतला देवराव सर माहीत होते. लग्नाआधी जया दोन वर्षं नागपुरात, बोलींचा अभ्यास करणाऱ्या या सरांच्या हाताखाली काम करत होती, हे तर पाहायला आला तेव्हाच त्याला सांगितलं होतं. काम काय होतं ते मात्र त्याला आजवर नीट उमगलं नव्हतं. गावोगाव जाऊन म्हाताऱ्या माणसांना 'डोळ्याला काय म्हणता', 'राखेला काय म्हणता' असं विचारायचं, याचा पगार मिळतो, हे त्याच्या बी-बियाण्याच्या दुकानदार डोक्याला पटत नव्हतं.

पण काम तसंच होतं. जगातल्या कुठल्याही माणसाला लागतातच, असे शब्द सरांनी निवडले होते: डोळा, दात, हाड, पाणी, राख, मी, तू. ही शब्दांची जात सहसा दुसऱ्याकडून उसनी घेतली जात नाही, असं सर म्हणत. झरी जामणीकडच्या कोलामांच्या पोडावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर, पाण्याला ईर म्हणतात. गोंडीत एर. पलीकडं तेलंगणात नीरु. या झाल्या बहिणी, त्यांचं नातं पुस्तकात आधीच लागलेलं. मराठी आणि गोरबोली दुसऱ्या घरच्या, दोघींकडंही पाणीच. सरांना त्याच्याही मागं जायचं होतं. बाजाराच्या दिवशी एकाच हातपंपावर दोन बाया उभ्या आहेत. एक म्हणते ईर, दुसरी म्हणते पाणी. या दोन घरांची, आणि तिकडं इराणपलीकडच्या आणखी कुठल्या कुठल्या घरांची, फार फार मागं एकच माय असेल का? असली तर तिच्या तोंडचा निदान एखादा शब्द हाती लागेल का?

"सापडली त सांग म्हणाव," रुक्माबाई तेव्हा म्हणाली होती. "अन् सापडलीच त तुही नोकरी पक्की कर म्हणाव तुह्या सराले."

नाती जुळवताना काय टाकायचं, हे सरांनी जयाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. उसने शब्द टाकायचे. चिवचिव, खळखळ असे आवाजावरून झालेले टाकायचे. आणि लेकरांचे शब्द टाकायचे. आई, बाबा, मामा, अम्मा, याडी, सगळे. लेकरू कुठलंही असो, त्याची जीभ आधी अशाच आवाजांवर येते. त्यामुळं एकमेकांची सावलीसुद्धा न पाहिलेल्या बोलींमध्येही हे शब्द सारखे निघतात. त्यांच्यावर नातं लावायला गेलं तर सगळं जगच एकमेकांचं सख्खं ठरेल. म्हणून यादीत आई नाही.

तेव्हा जयाला हे फार आवडलं होतं. किती चोख, किती कडक! 

गोरबोलीसाठी तिनं आपल्या आईलाच रेकॉर्डिंगला बसवलं. रुक्माबाईच्या दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. हात हलला की खुळखुळाट, आणि बोलताना तिचे हात कधी थांबलेत? जया म्हणाली, "याडी, थोड्या वेळापुरत्या काढून ठेव न."

"काहून? तुहा बाप जित्ता हाये न वो!"

शेवटी दोन्ही हातांना टॉवेल गुंडाळले. दोन्ही हात प्लास्टरमध्ये असल्यासारखी रुक्माबाई बाजेवर बसली आणि दारात उभी असलेली जावा-नणंदांची रांग तोंडात पदर कोंबून हसायला लागली. प्रत्येक शब्द तीनदा म्हणायचा, मध्ये थांबायचं. आंखी… आंखी… "ये याडी, तू सकाळपासून काही खाल्लं नाई." दांत… दांत… दांत… "अन् हे मशीन तुह्या सरानं देल्लं का तू पैशानं घेतलं?" पाणी… "किती सुकली वो तू. तिकडं नागपुरात कोनी जेवाले देत नाई काय?" जया डोळ्यांनी दटावायची, बोट ओठांवर ठेवायची. रुक्माबाई दोन शब्द गुणानं म्हणायची आणि पुन्हा सुरू.

संध्याकाळी जयानं कानाला हेडफोन लावून सगळं साफ केलं. काम असंच असायचं. शब्द ठेवायचा, दोन्ही बाजूंचा कचरा कापायचा. खोकला, कोंबडी, मध्येच केलेलं बोलणं. मग मशीनचं कार्ड रिकामं करून पुढच्या गावाला न्यायचं. तिच्याइतकं स्वच्छ कोणीच कापत नसे. सरांनी रुक्माबाईचे शब्द पुढं कितीतरी जणांना नमुना म्हणून ऐकवले. "असं पाह्यजे. धुतल्या तांदळासारखं."

आता जयाला तो कचरा हवा होता.

सरांना फोन लावला तेव्हा तिनं उगीच आडवळण घेतलं नाही. मूळ, न कापलेलं काही राहिलंय का, एवढंच विचारलं. सरांनी आठवून पाहिलं. मग म्हणाले, "कार्ड तर आपण रिकामेच करायचो, जया. पण मधी एकदा मी सगळं एका मोठ्या डिस्कवर चढवलं होतं. कोणतं कापलेलं, कोणतं कच्चं, आता आठवत नाही. ये तू. मिळून पाहू."

बस, एवढ्या 'पाहू'वर ती अंजूला घेऊन निघाली. भारत स्टँडवर सोडायला आला. खिडकीतून अंजूच्या हातात बिस्किटाचा पुडा देत म्हणाला, "नाई भेटलं त रडत बसजो नोको. फोन कर."

"भेटन," जया म्हणाली.

उमरखेडला गाडी बदलली. अंजूला खिडकी. "आपून कुठं चाल्लो?"

"नानीचा आवाज ऐकाले."

"नानी तं देवाघरी गेली न?"

"हो. पण तिचा आवाज एका सरांच्या घरी हाये."

चार वर्षांच्या अंजूला यात काहीच नवल वाटलं नाही. तिनं मान डोलावली आणि बिस्किटाची कड कुरतडायला लागली. महागाव गेलं. थोडं पुढं तांड्याचा फाटा आला. कडुनिंबाखाली टपरी, टपरीशी उभी दोन माणसं. फाट्यावर गाडी थांबली की रुक्माबाई ओढणी सावरत धावत यायची, लेक उतरायच्या आधीच तिची हाक गाडीत चढायची. आज कोणी उतरलं नाही. कंडक्टरनं दोनदा बेल मारली. जयानं त्या बाजूला पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मान वळलीच.

यवतमाळला सरांचं घर तिला लगेच सापडलं. दार इंदुताईंनी उघडलं, सरांच्या बायकोनं. अंजूला पाहताच त्यांनी हात पुढं केले. "ये माय. हे तुही पोट्टी काय? नाक तुहंच. चाल, तुले चिवडा देतो." आणि आत वळता वळता सरांकडं बोट दाखवून, "अन् ह्यायचं तेच चालू हाये बरं, जया. रिटायर होऊन गेले, पन अजून पहिली माय काही सापडली नाई. घरात चष्मा सापडत नाई ते राह्यलंच."

सर हसले. खूप म्हातारे दिसायला लागले होते. कॉम्प्युटरच्या टेबलावर धूळ नव्हती, म्हणजे रोज बसत होते.

"तुमचा लेख?" जयानं विचारलं.

"परत आला." सर डिस्कची वायर जोडत म्हणाले. "त्यांचं चूक नाही. शब्द झिजतात, जया. पाच हजार वर्षं मागं जाता येतं, सहा म्हण, ओढूनताणून आठ. त्याच्या मागं गेलं की खरी बहीण कोणती अन् योगायोगानं तसं तोंड असलेली कोणती, सांगताच येत नाही. नातं नसेल असं नाही. असेलही. पण दाखवता येत नाही." त्यांनी चष्मा पुसला. "मला वाटतं, आहे. पण वाटण्याला काय विचारतो कोणी."

डिस्क घरघरली. पडद्यावर गावांची नावं आली. सरांनी 'महागाव' उघडलं. आत ओळीनं छोट्या छोट्या फाइली, प्रत्येक दोन-चार सेकंदांची. आंखी. दांत. हाडका. पाणी. राख. जयानं खालपर्यंत पाहिलं, मग पुन्हा वरून खालपर्यंत. मोठी फाइल एकही नव्हती.

"दुसरीकडं कुठं…?"

सरांनी सगळं धुंडाळलं. आर्णी, घाटंजी, झरी. झरीमध्ये एक लांबलचक फाइल निघाली. जया पडद्यावर वाकली, पण ती चंदाबाईची होती, पोडावरच्या कोलाम म्हातारीची. ते काम ऋतिककडं होतं. ऋतिक म्हणजे जयाच्या बरोबरीचा, कापायचा कंटाळा म्हणून सर रोज ज्याला झापायचे तो. त्यानं काहीच कापलं नव्हतं.

सरांनी सहज लावली. चंदाबाईनं ईर म्हटलं, एकदाच. मग कोंबडी ओरडली. कोणाचं तरी हसणं, भांड्याचा आवाज, मग चंदाबाई मशीनला विसरून दूर कोणाला तरी हाक मारायला लागली. नातवंड असावं. पहिली हाक साधी, दुसरी लांबलेली, तिसरीत राग आणि रागाच्या खाली हसू. काय म्हणाली ते जयाला कळलं नाही. दोन वर्षं त्या पोडांवर फिरूनही तिला कोलामी कधी नीट आली नव्हती. पण हाक कळली. ती तशीच तांड्यावरून येई. शेवटची मात्रा तशीच वर ओढलेली, जणू आवाजाला दोरी बांधून लेकराला ओढून घ्यायचं आहे.

"सर," ती म्हणाली, "हे सारखंच आहे."

सरांनाही कळलं असावं. त्यांनी पडद्याकडं पाहतच मान हलवली. "हाकेला पुरावा धरत नाहीत, बेटा."

"माहीत आहे."

 आतून अंजूचं बोलणं ऐकू येत होतं. इंदुताईंना ती आपल्या शाळेतल्या कोण्या पोराची चुगली सांगत होती.

"तुझं काम फार चोख होतं," सर म्हणाले. "तेच नडलं. मीच शिकवलं तसं."

जयाला रडू आलं नाही. तिला आठवलं, त्या संध्याकाळी हेडफोनमध्ये आई म्हणाली होती 'ये याडी', आणि तिनं त्या आवाजाचा पट्टा अगदी नेमका, आधीच्या शब्दाला धक्का न लावता, उचलून फेकला होता. नऊ-दहा वेळा तरी. एकेक हाक काढताना तिला हसूही आलं होतं. याडी किती बडबडते!

"आहे ते लावता का?"

सरांनी स्पीकरचा आवाज वाढवला. आंखी… आंखी… आंखी. दांत… दांत… दांत.

आईचाच आवाज. पण आई इतकी नीट कधी बोललीच नव्हती. एकेक शब्द सरळ, कोरडा, कडा तासलेला, त्याच्यामागं श्वास नाही, पुढं बांगडी नाही. शाळेत तपासणी आल्यावर उभ्या केलेल्या पोरीसारखी ती म्हणत होती. लेकीची नोकरी आहे, चुकायचं नाही, एवढंच त्यात होतं. जयानं खुर्ची स्पीकरजवळ ओढली आणि कान तिथं नेला. दोन शब्दांच्या मधल्या शांततेत काही उरलंय का, एखादं टोक, हाकेची सुरुवात, टॉवेलखालून निसटलेला खुळखुळाट. काही नव्हतं. तिनंच तर कापलं होतं.

सरांनी पुढची फाइल लावली आणि चहाचं पाहायला म्हणून उठून आत गेले. मुद्दामच गेले असावेत. जाताना त्यांनी कुठलं तरी बटण दाबलं होतं. फाइल संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होती.

पाणी… पाणी… पाणी.

पाणी… पाणी… पाणी.

जयानं बंद केलं नाही. कपाळ टेबलाच्या कडेला टेकवून ती ऐकत राहिली. आईनं पाणी म्हणावं आणि आपण ऐकावं, एवढं तरी.

मागून छोट्या पावलांचा आवाज आला. अंजू दोन्ही हातांनी पेला धरून येत होती, काठोकाठ भरलेला, पावलापावलाला फरशीवर सांडत. तिच्या फ्रॉकचा पुढचा भाग ओला झाला होता. तिनं आधी स्पीकरकडं पाहिलं, मग टेबलाच्या मागं, मग खुर्चीखाली वाकून.

"घे न नानी," ती म्हणाली. "आनलं."

पाणी… पाणी… पाणी.

अंजूनं पेला स्पीकरपुढं ठेवला आणि टाचा उंचावून वाट पाहिली. आवाज थांबला नाही. तेव्हा तिनं जयाचा पदर ओढला. डोळ्यांत राग होता, नानीच्या बाजूनं आलेला.

"मम्मी, नानी कवाची पानी मागून राह्यली. तिले कोनीच देल्लं नाई काय?"